आमच्या घरचं पानी चालते ना?

रोहण्याच्या आमच्या घरी कोणी आलं की आजी आधी ओसरीतली बाज पुढं ओढायची, पदरानं तिच्यावरची धूळ झटकायची आणि मग विचारायची, "बसा ना जी. आमच्या घरचं पानी चालते ना?"

हा प्रश्न आल्यागेल्या प्रत्येकाला असे. तलाठ्याला, कापसाच्या व्यापाऱ्याला, कौंडण्यपूरच्या जत्रेला निघालेल्या गाडीवाल्यांना, वाट चुकलेल्या गोसाव्याला. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. शेजारी कुणबी, पलीकडे तेली, वेशीजवळ पुढं बौद्ध झालेली वस्ती. त्या काळी माणसाची जात विचारण्याआधी तो कोणाच्या घरचं पाणी पितो हे पाहिलं जाई आणि त्यावरून जात आपोआप कळे.

काही जण "चालते ना, काहून नाही चालत" म्हणून गडवा घशात रिकामा करत. काही म्हणत, "आत्ताच पिऊन आलो, बाई." मे महिन्यात भर दुपारी पुलगावच्या रस्त्यानं पायी आलेला माणूस कुठून पिऊन आला असणार? आजी त्याच्या ओठांकडं बघायची आणि ओळखायची. मग ती सोललेली संत्री ठेवायची. आर्वीच्या बाजूची संत्री घरात बहुधा असतच, नसली तर गूळ आणि शेंगदाणे. शिजवलेलं नाही, पाण्याचा हात लागलेला नाही, म्हणजे चालायचं. आणि मग ती कुंपणावरून हाक मारायची.

कारण ओसरीच्या कोनाड्यात एक पितळी गडवा पालथा घातलेला असे. पोटावर ठोक्यांची नक्षी, गळ्याशी बारीक टिंबांनी कोरलेलं शेजाऱ्यांचं आडनाव. तो गडवा आमच्या घरात होता, पण आमचा नव्हता. अशा पाहुण्याला पाणी द्यायचं झालं की शेजारच्या काकू येत, गडवा उचलत, आपल्या घरी नेऊन घासत, आपल्या रांजणातलं पाणी भरून आणत आणि पाहुण्याच्या हातात देत. आमच्यापैकी कोणी त्याला हात लावत नसे. त्याच्यावर धूळ बसली तरी तीही काकूच पुसत.

आजोबांना तो गडवा डोळ्यांपुढं नको असे. ते शाळामास्तर, मिशनच्या शाळेत शिकलेले, ताठ. "आपल्याच दारात आपणच विटाळ मांडून ठेवला," असं ते म्हणत. आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "पाहुना तहानलेला गेला तं ते पाप माह्या डोक्यावर. पानी कोनाच्या घरचं होतं, त्याचा हिशेब देव करन." आजोबांचं म्हणणं मला आज जास्त पटतं. पण त्या दुपारी माणसांची तहान भागवली ती आजीनं, हेही खरं.

आजीचा हा स्वभाव तिच्या सासूकडून आला होता. माझी पणजी, घरात तिला सगळे मोठी माय म्हणत. मी तिला पाहिली आहे की फोटोतली आठवण माझी म्हणून सांगतोय, याची मला खात्री नाही. हिरव्या गोंदणाचा हात आणि तंबाखूची चंची एवढं आठवतं. मोठी माय 1899-1900 च्या दुष्काळातली. संवत 1956 म्हणून लोक त्याला छपन्या म्हणत. त्या साली पाऊस असा गेला की मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात ज्वारी कणसावर आलीच नाही. सरकारी कामांवर खडी फोडायला माणसं जमली, अन्नछत्रांपुढं रांगा लागल्या, आणि माणसांच्या मागून पटकी आली. मोठ्या मायचे आईबाप कुठल्याशा कामावरच गेले. ती चार वर्षांची होती म्हणतात, कोणी सहाची म्हणतात. एका मिशनच्या अनाथालयात तिला कोणीतरी आणून सोडलं. कोण, ते घरात दर वेळी वेगळं सांगितलं जाई. आत्याच्या गोष्टीत तो पोलीस होता, आजोबांच्या गोष्टीत बैलगाडीवाला. एकदा तर उंटवालाही ऐकलाय.

तिला आठवत होतं ते एवढंच, की कोणा एका बाईनं तिला मांडीवर घेऊन ज्वारीची पातळ आंबील बोटानं चाटवली, एकदम प्यायला दिली नाही. उपाशी पोटाला एकदम अन्न दिलं तर पोर दगावतं, हे त्या बाईला माहीत होतं. मोठी माय म्हातारपणी जात विचारणाऱ्याला सांगे, "मी छपन्याची." तिला तिची खरी जात माहीतच नव्हती. ज्यांना जात कळल्याशिवाय पाणी पिता येत नसे, त्यांची तिच्यापुढं फार पंचाईत होई.

अशी मुलं तेव्हा हजारांनी होती. पंडिता रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तरुणपणी दुष्काळातच गेले होते, आणि 1896-97 च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या पुण्याहून उठून थेट मध्य प्रांतात आल्या. तीनशेच्या आसपास मुली आणि बाया त्यांनी इकडून नेल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक, एवढी माणसं शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढं मुक्ती मिशन. छपन्यात गुजरात-राजपुतान्याकडूनही बाया आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींची रोजची भाकर, पाणी, सरपण कसं भागलं असेल, याचा विचार आजी चूल फुंकता फुंकता करायची. "बाई इद्वान होती, पन त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हंजे तिनं एवढं पीठ कुठून आनलं," हा तिचा रमाबाईंवरचा अभिप्राय.

मोठ्या मायनं घरात एक रीत घालून दिली होती. संध्याकाळी भाकरी मोजून करायच्या नाहीत, आणि शेवटची एक 'येणाऱ्याची'. ती टोपल्यात सगळ्यात खाली, फडक्यात. कोणी आलं तर त्याची. बहुतेक रात्री कोणी येत नसे. मग सकाळी आई तिचा कुस्करा करून कांदा-मिरचीची फोडणी देई आणि आम्ही भावंडं त्यावरून भांडत असू. येणाऱ्याच्या नावानं आमचीच चंगळ. आई कधी कधी वैतागून म्हणे, "येणारा रोज पोटातूनच येतो." पण ज्या रात्री खरंच कोणी आलं, त्या रात्री चूल पुन्हा पेटवावी लागली नाही म्हणून तिनं मनातून मोठ्या मायचे आभारही मानले असतील.

येत कोण? पुलगाव-आर्वीची छोटी गाडी 1917 पासून आमच्या गावावरून जात असे. अरुंद रुळांची, इतकी सावकाश की उतरून बोरं तोडून पुन्हा चढता येतं अशी तिची थट्टा होई. पुलगावला मुंबई-नागपूरची मोठी गाडी सोडायची आणि हिच्यात बसायचं. तिच्यातून सुवार्तिक येत, खांद्याच्या झोळीत चार-चार आण्यांची शुभवर्तमानं घेतलेले. बायबलबाई येत, पांढऱ्या लुगड्यातल्या, छत्री आणि पत्र्याची पेटी सांभाळत. वर्ध्याच्या मंडळीचे पाळक कधी येत आणि आले की कोंबडीचं मरण ओढवे. आजोबांचे शाळेतले जुने सोबती येत. नात्याचे, बिननात्याचे. आजोबा दारात "सलाम, सलाम" म्हणत पुढं होत, आजी आत भाकरीचं पीठ वाढवी. भेदऱ्याची चटणी, तुरीच्या सोल्यांचं आळण, वरून हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाहुणा पुण्या-नगरकडचा असला की 'सांबार' ऐकून इडलीची वाट बघत बसे, तेवढीच घरात करमणूक.

जेवणं झाल्यावर ओसरीत गोष्टी चालत. आजोबांची हातखंडा गोष्ट हिस्लॉप साहेबाची. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आला, शाळा काढल्या, दगड-जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली. 1863 च्या सप्टेंबरात तो टाकळघाटला दगडांची जुनी वर्तुळं खणायला गेला होता. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांची छावणी बोरीला पडलेली. बाकीचे पुढं गेले, हिस्लॉप वाटेतल्या शाळेतली पोरं तपासायला मागं राहिला. अंधार पडला, नाल्याला पूर आला, आणि छावणीत घोडा एकटाच आला. आजोबा इथं थांबत, विडी पेटवत. मग आजी न चुकता विचारे, "अन् त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं जेवन?" आजोबांना या प्रश्नाचा राग येई. एवढा मोठा माणूस गेला, आणि हिला जेवणाचं पडलंय! मला मात्र नागपूरचं हिस्लॉप कॉलेज म्हटलं की अजून ते झाकून ठेवलेलं ताटच डोळ्यांपुढं येतं.

आजीच्या गोष्टी बायबलातल्या, पण वऱ्हाडी. अब्राहाम दुपारच्या उन्हात मम्रेच्या झाडाखाली बसलाय, तीन अनोळखी माणसं येतात, तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, वासरू कापतो, दही-दूध आणतो, आणि ते देवाचे दूत निघतात. "ऊन असं का कावळाही हालत नव्हता. अब्राहामबुवा बाजेवर बसला होता." आजोबा आतून ओरडत, तंबू होता, बाज नव्हती. आजी त्यांच्याकडं लक्ष देत नसे. तिचा खरा राग अब्राहामवर होता. त्यानं बायकोला हुकूम सोडला, तीन मापं सपीठ मळ. आजोबांनी हिशेब करून सांगितलं होतं की तीन मापं म्हणजे वीस-बावीस लिटरचा डबा भरेल. "पाहुने तीन, अन् पीठ एवढं? आदरातिथ्य त्याचं, कंबर सारेची!" सारा तंबूच्या दाराआड उभी राहून हसली, त्याचं कारण शास्त्रात म्हातारपणी मूल होणार हे दिलंय. आजीच्या मते ती पिठाकडं बघून हसली.

मार्था आणि मरियेच्या गोष्टीत तर ती उघडच मार्थेच्या बाजूची. प्रभू घरी आले, मरिया पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था स्वयंपाकात राबली, आणि बोलणी खाल्ली मार्थेनं. आजी प्रभूंना दोष देत नसे, पण विषय बदलताना हळूच म्हणे, "ऐकनं चांगलंच. पन त्या दिवशी भाजीले फोडनी कोनी देली असन?"

आजोबा संध्याकाळी 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवत. लक्ष्मीबाई टिळकांवर आजीचा फार जीव. ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली, त्यानं आपुलकीनं गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. आजोबांना यात देवाचा हात दिसे, आजी म्हणे गाडीत माणसानं माणसाशी बोललंच पाहिजे. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. पुढं काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडं नगरला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. नवरा एका बाजूला, बायकोचा स्वयंपाक दुसऱ्या बाजूला. टिळकांनी ते चालू दिलं. बाईचं मन तिच्या तिच्या वेळेनं फिरलं, जाती माणसांनीच केल्या हे तिचं तिलाच उमगलं, आणि 1900 मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला. मग त्या घराचं दार कधी लागलंच नाही. पोरकी पोरं, आजारी माणसं, निरोप न देता आलेले पाहुणे, आणि पैशाचा मेळ कधीच नाही.

वेगळ्या चुलीचा भाग आला की आजोबा पुस्तक खाली ठेवत आणि कोनाड्यातल्या गडव्याकडं बघत. आजीही बघे. दोघं काही बोलत नसत.

गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले आणि 1936 मध्ये सेगावला राहायला गेले, ते पुढचं सेवाग्राम. आमच्या गावापासून फार लांब नाही, म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याची एक गांधींची आठवण असतेच. आमच्या आजोबांची अशी, की मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांना त्यांनी घाण्याच्या तेलाबद्दल बोलताना ऐकलं. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती, परदेशात शिकलेले, आणि ग्रामोद्योगासाठी वर्ध्याला येऊन राहिलेले. "आपल्यातला एक तिथं आहे," याचाच आजोबांना अभिमान. गांधींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर येशूचं एक चित्र होतं, हे अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी लिहून ठेवलंय. फिशर 1942 च्या जूनमध्ये आठवडाभर तिथं पाहुणे होते. उन्हानं ते इतके हैराण झाले की टिनाच्या टपात पाणी भरून त्यात खोक्यावर बसले आणि समोर टंकयंत्र ठेवून टिपणं काढली. उकडलेल्या भाज्यांचा लगदा रोज रोज खाऊन ते कंटाळले, तेही त्यांनी यजमानापासून लपवलं नाही. हे ऐकून आजीनं डोक्याला हात लावला होता. "एवढ्या लांबून आला, अन् कोनी झुनका नाही घातला?"

1956 चं मी वडिलांकडून ऐकलं. ते तेव्हा हाफपँटीत. दसऱ्याला नागपूरला बाबासाहेब धम्मदीक्षा घेणार, म्हणून आठ दिवस आधीपासून रस्त्यानं माणसं वाहत होती. रेल्वेनं, बैलगाडीनं, बरीचशी पायी. पांढरी वस्त्रं हवीत म्हणून कोणी लुगडी धुवून घेतली होती, कोणी दागिना मोडून तिकीट काढलं होतं. आजीनं दोन माठ दारात काढून ठेवले, आणि सकाळपासून गंज चढवून ज्वारीच्या कण्या शिजवल्या. आजोबा शाळेतून परत येईतो ओसरीत पंगत बसली होती. वडील सांगत, आजीनं सवयीनं एका म्हाताऱ्याला तोच प्रश्न विचारला, आमच्या घरचं पानी चालते ना जी. म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या साऱ्या जन्मात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याला विचारायची कोणाला गरजच पडली नव्हती. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि आजीला त्याची पाठ चोळावी लागली. "चालते, माय," तो म्हणाला, "आता सगळ्यायच्याच घरचं चालवून घेऊ."

त्या दिवशी आणखी एक घडलं, यावर वडील आणि आत्या यांचं एकमत कधी झालं नाही. माठ रिकामे झाले, विहिरीवरून पाणी आणायला हात कमी पडले, तेव्हा शेजारच्या काकू कोनाड्यातला गडवा घेऊन आल्या आणि आमच्याच माठात बुडवून लोकांना वाढू लागल्या, असं वडील म्हणत. आत्या म्हणे, काकू नव्हत्या, त्यांची मोठी सून होती, आणि वर्षही वेगळं. कोणी का असेना, तो गडवा त्यानंतर कोनाड्यात पालथा दिसला नाही म्हणतात. माझ्या लहानपणी आम्ही त्यानं परसातल्या कढीपत्त्याला पाणी घालत असू.

नाताळ आमच्याकडं दिवाळीच्या घाण्यातूनच तळून निघे. अनारसे, करंज्या, शेव, चकल्या. केक ही वस्तू फार पुढं, नागपूरहून कोणी आणली तर. चोवीस तारखेच्या रात्री पेटी-तबल्यावर भजनं, आणि सकाळी आळीभर ताटं. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेलं ताट आम्ही रिकामं परत देत नसू, आणि आमचं नाताळाचं ताट त्यांच्याकडून रिकामं येत नसे. वर्ध्याला कापणीचा सण असे तेव्हा देवळात भोपळे, कापसाची बोंडं, तुरीच्या पेंढ्या, संत्री यांचा ढीग पडे. उपासनेनंतर त्यांचा लिलाव, मग प्रीतिभोजन. त्या पंगतीत वाढपी म्हणून डॉक्टर, मास्तर, शिपाई कोणीही उभं राही. भाताची बादली घेऊन धावणाऱ्या आजोबांना मी तिथंच पहिल्यांदा कमरेत वाकलेलं पाहिलं. आजीचं एकच म्हणणं, की बाहेरचा एक तरी पाहुणा पंगतीत हवा, नाहीतर ते घरचंच जेवण. ती येताना रस्त्यावरून कोणाला तरी धरून आणे. एकदा तिनं एसटीचा कंडक्टर आणला होता, आणि गाडी अर्धा तास उभी राहिली.

आता छोटी गाडी नाही. रूळ गवतात गेलेत. पाहुणे फोन करून येतात आणि रात्रीच्या आत परत निघतात. घर मागच्या वर्षी दुरुस्तीला काढलं, तेव्हा चुलतभावानं माळ्यावरची भांडी खाली काढली. आजीच्या संसारातली निम्मीअधिक भांडी आमची नव्हतीच. कोपरावर एक आडनाव, ताटल्यांवर दुसरं, गंजाच्या काठावर तिसरंच. फराळ घेऊन आलेली आणि परत जायची राहिलेली. चुलतभाऊ नीटनेटका माणूस. त्यानं नावं वाचून यादी केली आणि ज्यांचे पत्ते लागले त्यांना फोन लावले. पहिल्याच फोनला नागपूरहून शेजारच्या काकूंची नातसून बोलली. गडव्याचं नाव काढताच ती म्हणाली, "राहू द्या हो, भाऊजी. तुमची मोठी परात आमच्याकडे आहे, त्यावर तुमच्या आजीचं नाव आहे. ती आम्ही देणार नाही, पुरणाला तेवढीच पुरते."